मद्यमुक्ती गट, मुंबई उपनगरांतील

मद्यपाशातून सुटू इच्छिणाऱ्या व्यक्तींनी परस्परांच्या साहाय्यासाठी एकत्र येऊन, कोणतेही शुल्क न आकारता आणि वैद्यकीय वा शासकीय देखरेखीविना चालविलेले गट. बृहन्मुंबईच्या अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इ. उपनगरांत असे गट नियमितपणे भरतात. त्यांतील बहुसंख्य ‘अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस’ (संक्षेपाने एए) या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पद्धतीने चालतात. काही गट व्यसनमुक्ती केंद्रांतून बाहेर पडलेल्या रुग्णमित्रांच्या पाठपुराव्यासाठी निर्माण झाले आहेत. मद्यपी हा कायद्याच्या दृष्टीने अपराधी, नीतीच्या दृष्टीने पतित आणि वैद्यकाच्या दृष्टीने रुग्ण मानला गेला. या तिन्ही दृष्टींहून वेगळे असे ‘समदुःखी सोबती’ हे नाते या गटांनी रूढ केले, हे त्यांचे ऐतिहासिक वैशिष्ट्य होय.

पार्श्वभूमी : आज उपनगरे म्हणून ओळखला जाणारा साष्टी बेटाचा प्रदेश १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा निर्माण होईपर्यंत ठाणे जिल्ह्यात मोडत असे. ताड-माडांची झाडे विपुल असल्याने ताडी काढणे हा येथील भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय होता. मोहाच्या फुलांची दारूही गावोगाव गाळली जाई. ब्रिटिश अंमलात १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्याची निर्मिती व विक्री शासनाच्या नियंत्रणाखाली आली. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत मोहफुलांच्या व्यवहारावर निर्बंध आले. या नियंत्रणामागे महसुलाचा हेतू प्रबळ होता. त्यामुळे मद्यविरोध आणि परकीय सत्तेला विरोध या दोन गोष्टी पुढे एकत्र आल्या. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले व १९३० च्या सविनय कायदेभंगात मुंबईतील स्त्रिया या कार्यात मोठ्या संख्येने उतरल्या.

या चळवळींचे मुख्य साधन शपथ हे होते. मद्यपीने लोकांसमक्ष प्रतिज्ञा घ्यावी व ती मनोनिग्रहाने पाळावी, अशी अपेक्षा असे. या साधनाची मर्यादा मराठी रंगभूमीने लवकर ओळखली. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ (पहिला प्रयोग १९१९) या नाटकातील सुधाकर मद्य सोडण्याची शपथ घेतो आणि मोडतो. त्याच नाटकातील तळीरामाने स्थापिलेले ‘आर्य मदिरामंडळ’ मात्र भरभराटीस येते. पिणाऱ्याला मंडळ आहे, पण सोडू पाहणारा एकटा आहे, ही विषमता त्या नाटकात स्पष्ट दिसते. सोडू पाहणाऱ्यांचे मंडळ मुंबईत येण्यास त्यानंतर सु. चार दशके जावी लागली.

दारूबंदीचा काळ : बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळातील डॉ. एम. डी. डी. गिल्डर यांच्या पुढाकाराने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात व उपनगरांत दारूबंदी लागू झाली. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्याने ती फार काळ टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ संमत होऊन ६ एप्रिल १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी अमलात आली. संविधानाच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदातील मार्गदर्शक तत्त्वाचा तिला आधार होता. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात या कायद्याचा बराचसा भाग वैध ठरविला. परवान्याविना मद्यप्राशन हा या कायद्याने गुन्हा होता. १९५९ च्या दुरुस्तीनुसार रक्तात ०·०५ टक्के वा त्याहून अधिक मद्यार्क आढळल्यास आरोपीविरुद्ध गृहीतक धरले जाऊ लागले.

दारूबंदीने उघड विक्री थांबली, तरी मागणी थांबली नाही. खाड्यांच्या कडेची खारफुटी, डोंगरउतार आणि नव्याने वाढणाऱ्या झोपडवस्त्या यांच्या आडोशाने उपनगरांत हातभट्ट्या चालू राहिल्या. काळा गूळ व नवसागर यांपासून गाळलेली दारू गुत्त्यांवर मिळे. १९६३ नंतर वसंतराव नाईक यांच्या कारकीर्दीत दारूबंदी क्रमाने शिथिल झाली व १९७३ च्या नियमांनी देशी दारूच्या परवानाधारक विक्रीची व्यवस्था लागली. तथापि स्वस्त व विषारी दारूचा धोका त्यानंतरही टळला नाही. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळी परिसरात ८० हून अधिक आणि जून २०१५ मध्ये मालाड (पश्चिम) येथील मालवणीत १०० हून अधिक माणसे विषारी दारूने मृत्युमुखी पडली. मालवणीतील दारूत मिथेनॉल होते. बळी पडलेल्यांत रोजंदारीवर जगणाऱ्यांचा भरणा मोठा होता. बंदी असो वा परवाना, पिण्यावाचून राहवत नाही अशा माणसाचा प्रश्न दोन्ही व्यवस्थांत शिल्लकच राहतो, हे या घटनांवरून दिसून येते.

आंतरराष्ट्रीय उगम : मद्यपींनीच मद्यपींना सावरावे ही कल्पना अमेरिकेत पुढे आली. १८४० मध्ये बॉल्टिमोर येथे सहा मद्यपींनी ‘वॉशिंग्टोनियन’ चळवळ सुरू केली. ती झपाट्याने पसरली, पण राजकीय व सामाजिक वादांत गुरफटून थोड्याच वर्षांत विरून गेली. पुढे मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचे शेअरव्यावसायिक बिल विल्सन (मृत्यू १९७१) आणि ओहायओ राज्यातील ॲक्रन येथील शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ (मृत्यू १९५०) यांची भेट झाली. विल्सन यांनी काही महिन्यांपूर्वी मद्य सोडले होते आणि परगावी असताना पुन्हा पिण्याची ओढ अनावर होऊ लागल्याने ते दुसऱ्या एखाद्या मद्यपीचा शोध घेत होते. दुसऱ्याला आपला अनुभव सांगितल्याने सांगणाऱ्याचाच तोल सावरतो, हे या भेटीतून त्यांच्या ध्यानात आले. डॉ. स्मिथ यांनी अखेरचे मद्य घेतले तो १० जून १९३५ हा दिवस एएचा स्थापनादिन मानला जातो.

संघटनेच्या आरंभीच्या कल्पनांवर ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या ख्रिस्ती पंथीय चळवळीची छाप होती. परंतु १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडलेल्या ‘बारा पायऱ्यां’त ईश्वराची कल्पना प्रत्येकाने आपापल्या समजुतीप्रमाणे करावी, अशी मोकळीक ठेवण्यात आली. मद्यापुढील आपली हतबलता मान्य करणे, आत्मपरीक्षण, दुखावलेल्यांची शक्य तेथे भरपाई आणि इतर मद्यपींना साहाय्य असा या पायऱ्यांचा सर्वसाधारण क्रम आहे. संघटनेच्या कारभाराविषयीच्या ‘बारा परंपरा’ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाल्या व १९५० च्या क्लीव्हलंड येथील अधिवेशनात मान्य झाल्या. मद्य सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट, बाहेरील देणग्यांना नकार, सार्वजनिक वादांपासून अलिप्तता आणि अनामिकता ही त्यांतील प्रमुख सूत्रे होत. वॉशिंग्टोनियन चळवळ ज्या वादांमुळे विरली, ते टाळण्याचीच ही तरतूद म्हणता येईल.

मुंबईतील आरंभ व प्रसार : भारतात एएचे कार्य १९५७ च्या सुमारास सुरू झाले. दिल्लीत वास्तव्यास असलेल्या परदेशी सभासदांचा त्यात पुढाकार होता. मुंबई व कलकत्ता येथेही लवकरच गट निर्माण झाले. मुंबईत त्या वेळी संपूर्ण दारूबंदी होती. ‘मी मद्यपी आहे’ असे उघडपणे म्हणणे म्हणजे अपमान ओढवून घेण्याबरोबरच गुन्ह्याची कबुली देण्यासारखेही होते. त्यामुळे अमेरिकेत प्रामुख्याने अब्रू राखण्यासाठी व नम्रतेचे तत्त्व म्हणून स्वीकारलेल्या अनामिकतेला येथे व्यावहारिक महत्त्वही होते. आरंभीचे गट इंग्रजी बोलणाऱ्या वर्तुळात राहिले. कालांतराने हिंदी, मराठी व अन्य भाषांतून सभा भरू लागल्या आणि साहित्याची भाषांतरे झाली.

उपनगरांचा विस्तारही याच काळातला आहे. १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंतचा आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंतचा प्रदेश महानगरपालिकेच्या हद्दीत आला. मरोळ, विक्रोळी, भांडुप, मुलुंड या पट्ट्यांत कारखाने उभे राहिले. गिरगाव-परळच्या चाळींतील कुटुंबे बोरिवली-मुलुंडकडे सरकली. गावात वा चाळीत पिणाऱ्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांचा व भाऊबंदांचा जो धाक असे, तो या नव्या वस्त्यांत सैल झाला. त्याचबरोबर पालिकेच्या शाळा, चर्चची आवारे व सार्वजनिक सभागृहे अशा जागाही येथे उपलब्ध झाल्या. दिवसा मुलांची शाळा भरणाऱ्या वर्गात संध्याकाळी प्रौढ माणसे बाकांवर बसून सभा घेतात, हे मुंबईतील या चळवळीचे रूढ दृश्य बनले. उपनगरी रेल्वेने गटांचे जाळे जोडले गेले. जून २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यावर पश्चिम व पूर्व उपनगरांतील अंतर कमी झाले. स्वतःच्या वस्तीत ओळखीच्या माणसाला दिसण्याचा संकोच वाटणाऱ्याला दोन स्थानके पलीकडील गटात जाता येते, ही सोय नवागताच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हे.

उपचारसंस्थांशी संबंध : एएचे गट कोणत्याही संस्थेला संलग्न नसले, तरी त्यांच्या पद्धतीचा प्रभाव महाराष्ट्रातील व्यसनमुक्ती केंद्रांवर पडला. वांद्रे येथील माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ मध्ये ‘कृपा फाउंडेशन’ ही संस्था स्थापन केली. बारा पायऱ्यांना बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगपद्धतीची जोड हे तिचे वैशिष्ट्य होय. फादर परेरा यांना २००९ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला. पुणे येथे डॉ. अनिता अवचट (मृत्यू १९९७) व अनिल अवचट (मृत्यू २०२२) यांच्या प्रयत्नांतून आणि पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या देणगीच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. उपचार संपल्यानंतर घरी गेलेल्या व्यक्तींच्या पाठपुराव्याच्या सभा हा त्याच्या कार्यपद्धतीचा महत्त्वाचा भाग आहे. केंद्रातील काही आठवडे सुरक्षित वातावरणात जातात. खरी कसोटी पगाराच्या दिवशी, लग्नाच्या वरातीत व जुन्या मित्रांच्या घोळक्यात लागते. या कसोटीच्या काळात आधार देणे, हे गटाचे कार्य होय.

सभेचे स्वरूप : सभा साधारणतः एक ते दीड तास चालते. ‘खुल्या’ सभेस कुटुंबीय, विद्यार्थी वा जिज्ञासू येऊ शकतात. ‘बंद’ सभा केवळ मद्यमुक्ती इच्छिणाऱ्यांसाठी असते. सभासदांपैकीच एकजण सूत्रसंचालन करतो व हे काम आळीपाळीने केले जाते. आरंभी छोटी प्रार्थना व बारा पायऱ्यांचे वाचन होते. नंतर एकेक सभासद आपले पहिले नाव सांगून आपण मद्यपी असल्याचे म्हणतो व स्वतःचा अनुभव कथन करतो. बोलणाऱ्याला मध्येच अडविणे, उपदेश करणे वा वाद घालणे निषिद्ध मानतात. बोलण्याची सक्ती नसते. नवागत नुसता ऐकून गेला तरी चालते. नोंदवहीत नाव-पत्ता लिहून घेतला जात नाही. शेवटी फिरविल्या जाणाऱ्या थैलीत प्रत्येकजण इच्छेनुसार पैसे टाकतो व त्यातून जागेचे भाडे, चहा व छपाई यांचा खर्च भागतो. तेथे ऐकलेले बाहेर न बोलण्याचा संकेत कटाक्षाने पाळला जातो. मद्यमुक्तीचे वर्ष पूर्ण झाले म्हणजे सभासदाचा ‘वाढदिवस’ साजरा करतात. तो त्याच्या जन्माचा नसून त्याने पिणे थांबविले त्या दिवसाचा असतो.

जन्मभराच्या शपथेऐवजी ‘आजचा दिवस’ मद्याविना काढावयाचा, हे या पद्धतीचे मध्यवर्ती सूत्र आहे. शपथ एकदा मोडली की शरमेने माणूस अधिकच पिऊ लागतो. येथे मात्र घसरलेल्यासाठी दार बंद होत नाही. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजू लागतो. नवागताला एखादा अनुभवी सभासद मार्गदर्शक म्हणून लाभतो. पिण्याची ऊर्मी अनावर झाल्यास त्याला रात्री-अपरात्री दूरध्वनी करता येतो.

गट शोधण्याचे मार्ग : अनामिकतेमुळे गटांना जाहिरातबाजी वर्ज्य आहे व त्यामुळे ज्याला गरज आहे त्याला गट सहजी सापडत नाही, हा या व्यवस्थेतील मूळचा पेच आहे. शाळेच्या फाटकाशी लावलेला छोटा फलक, चर्चच्या सूचनाफलकावरील चिठ्ठी, वृत्तपत्रातील लहानशी सूचना, डॉक्टरांनी दिलेला पत्ता किंवा आधी सुटलेल्या शेजाऱ्याचा शब्द, हे पूर्वापार मार्ग होत. आता संघटनेच्या मदतवाहिनीवर वा संकेतस्थळावर सभांचे वार, वेळ, स्थळ व भाषा यांची माहिती मिळते. यांशिवाय १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी आहे. महानगरपालिकेच्या रुग्णालयांतील मनोविकार विभागांतूनही रुग्णांना गटांकडे धाडले जाते. पहिल्याच सभेवरून निर्णय न करता निरनिराळ्या गटांतील काही सभांना बसून पाहावे, असा सल्ला अनुभवी सभासद देतात. कारण गटागणिक भाषा, वयोमान व वातावरण यांत फरक असतो.

दीर्घकाळ व मोठ्या प्रमाणात पिणाऱ्याने मद्य एकाएकी बंद केल्यास हातापायांचा कंप, भास व झटके उद्भवून प्राणावर बेतू शकते. त्यामुळे अशा व्यक्तीने प्रथम वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते. गट हा उपचाराला पर्याय नसून त्याला पूरक आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार मद्याच्या दुरुपयोगाशी संबंधित मानसिक अवस्थांचा मानसिक आजारांत समावेश होतो व त्यांवरील उपचार हा रुग्णाचा हक्क ठरतो.

कुटुंबीय : मद्यपीच्या पत्नीची सहनशीलता हा मराठी साहित्यात गौरवाचा विषय ठरला, ‘एकच प्याला’तील सिंधू हे त्याचे ठळक उदाहरण. अमेरिकेत लोइस विल्सन व अन्य कुटुंबीयांनी १९५१ मध्ये ‘अल-अनॉन’ ही स्वतंत्र संघटना स्थापन करून वेगळी भूमिका घेतली. पतीचे पिणे पत्नीमुळे उद्भवत नाही, तिला ते ताब्यात ठेवता येत नाही व बरेही करता येत नाही. मात्र तिला स्वतःचे आयुष्य सावरता येते, असे ही संघटना मानते. मुंबईतही तिचे गट आहेत. कामावर खोटा निरोप पाठविणे, उधारी फेडणे, बाटल्या लपविणे यांतून पतीला परिणामांपासून वाचविण्याची सवय सोडणे पुष्कळ स्त्रियांना कठीण जाते व त्यासाठी त्यांनाही सोबतीची गरज भासते. स्वतः मद्यपाशात सापडलेल्या स्त्रियांना लोकनिंदेचे भय अधिक असल्याने सभांत त्यांची संख्या कमी दिसते.

मूल्यमापन व मर्यादा : सभासदांची नोंद ठेवली जात नसल्याने या गटांच्या यशाचे स्थानिक मोजमाप करणे अवघड आहे. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या समीक्षेत २७ अभ्यास व १०,५६५ व्यक्ती यांचा विचार करण्यात आला. संपूर्ण मद्यवर्जन टिकविण्याच्या बाबतीत एए व त्याकडे वळविणारे पद्धतशीर उपचार हे अन्य प्रस्थापित उपचारांच्या तोडीचे वा त्यांहून सरस ठरतात, असा तिचा निष्कर्ष आहे. हे अभ्यास बहुतांशी पाश्चात्त्य देशांतील होते. धार्मिक वळणाची भाषा, संपूर्ण वर्जनाचा आग्रह व मानसिक आजार असलेल्या सभासदांची औषधे बंद करण्याचा काहींकडून मिळणारा अनधिकृत सल्ला यांवर टीका झाली आहे. औषधांविषयीचा निर्णय डॉक्टरांचाच असतो, हे संघटनेच्या साहित्यातही नमूद आहे.

गरजेच्या मानाने साहाय्य अपुरे आहे, ही सर्वांत मोठी उणीव होय. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीनुसार (२०१९) देशात मद्यामुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या सु. ५·७ कोटी आहे; मद्यावलंबी व्यक्तींपैकी सु. ३८ मध्ये एकालाच कोणत्या तरी प्रकारचा उपचार लाभतो. रुग्णालयातील खाटा वा प्रशिक्षित समुपदेशक अल्पावधीत वाढविणे शक्य नाही. चार बाके, एक खोली व आधी सुटलेली दोन-तीन माणसे एवढ्यावर उभा राहणारा गट मात्र कोणत्याही वस्तीत चालू शकतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे शाळांचे वर्ग बंद झाले, तेव्हा सभा दूरचित्रसंवादाद्वारे भरू लागल्या व वर्ग उघडल्यावरही त्यांतील काही चालू राहिल्या. प्रत्यक्ष सभेतील शेजारच्या बाकावरच्या माणसाची सोबत त्यांत नसली, तरी आजाऱ्यांना, स्त्रियांना व रात्रपाळीच्या कामगारांना त्यांमुळे गटाचे दार प्रथमच सोयीचे झाले.